पंचेचाळीस मिनिटांचे सिनेमे

नव्वदच्या दशकात मी नागपूर सोडून बंगळूरला आले, तेव्हा घरच्यांना माझ्या नोकरीपेक्षा तिथल्या हवेचं कौतुक जास्त होतं. मे महिन्यातसुद्धा पंखा लागत नाही म्हणे, असं बाबा चारचौघांत सांगत सुटले होते. नोकरी सरकारी प्रयोगशाळेतली. तिथे काय चालतं ते घरीही सांगायची मुभा नव्हती, त्यामुळे बिचाऱ्यांकडे हवेशिवाय सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

त्या हवेत डिसेंबरही असतो हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. नागपूरची थंडी कडक, पण ती उन्हातली. गच्चीवर बसून संत्री सोलावी अशी. बंगळूरला बंगालच्या उपसागरात कुठे खुट्ट झालं की इकडे चार-चार दिवस मळभ. पाऊस म्हणावा तर छत्री उघडायची लाज वाटावी इतकाच. दुपारी तीन वाजता दिवा लावावा लागे. ऑफिसातले लोक कानटोप्या घालून एकमेकांना सांगत, काय छान हवा पडलीय. मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटे.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर मी रडायला लागले. कारण काही नव्हतं. कोणी बोललं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं, काम मनासारखं होतं. संध्याकाळी ऑफिसच्या बसमधून उतरायचं, खोलीवर यायचं, चहा टाकायचा, आणि कप हातात घेतला की सुरू. पाऊण तास वगैरे. मग तोंड धुऊन कुकर लावायचा. मी मूळची शिस्तीची, त्यामुळे रडणंसुद्धा वेळापत्रकात बसवून टाकलं होतं. वेळेवर सुरू होतं आणि वेळेवर थांबतं, म्हणजे काळजी करण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला बजावत असे. आजाराला आजार म्हणायची माझी तयारी नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

त्या दिवसांत मला धरून ठेवलं सिनेमांनी. कब्बन पार्कजवळच्या एका सभागृहात महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, एक फिल्म सोसायटी परदेशी सिनेमे दाखवायची. दिल्लीतल्या कुठल्या-कुठल्या वकिलातींकडून पत्र्याच्या डब्यांत रिळं यायची. एक रीळ संपलं की दिवे लागत, प्रोजेक्टरवाला दुसरं चढवेपर्यंत आम्ही तीस-चाळीस माणसं एकमेकांकडे न बघता बसून राहत असू. मला आवडायचे ते सिनेमे फार संथ असत. कोणीतरी बर्फातून एक शेगडी ओढत नेतोय, गोठलेली नदी आहे, पलीकडे घर आहे, बस. तो पोचेल की नाही एवढाच प्रश्न. गाणी नाहीत, कोणाचा बदला नाही. माणूस एखादं काम नीट, शेवटपर्यंत करताना बघायला मला फार आवडे आणि अजूनही आवडतं. त्या रविवारी मी रडत नसे. संध्याकाळीसुद्धा नाही.

नोकरीत शिरताना जो लांबलचक फॉर्म भरावा लागला त्यात मी हे सभासदत्व प्रामाणिकपणे लिहिलं होतं. परदेशी संस्थांशी संबंध आहे का, असा रकाना होता. आहे म्हणावं तर पडद्यापुरता, नाही म्हणावं तर डब्यांवर वकिलातींचे शिक्के. मी सगळं खुलासेवार लिहून मोकळी झाले. दोन वर्षांचं प्रोबेशन संपत आलं तेव्हा त्या रकान्याचं फळ मिळालं. पक्कं करण्याआधी माझी चौकशी इतरांपेक्षा जरा कसून होणार होती. नोकरी पक्की झाली नाही तर नागपूरला परत, हे बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तिथे माझी जन्मपत्रिका झेरॉक्स काढून तयार होती. मला परत जायचं नव्हतं. मला ते काम हवं होतं, ते शहर हवं होतं, त्या डिसेंबरासकट.

मी उलसूरला एका घराच्या मागच्या खोलीत राहत होते. मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते तीनेकशे वर्षं इथलेच झाले. लग्न केलेलं नाही, बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, आता निवृत्त. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं, मग त्यांना माझं ऐकून येतं हे कळल्यावर माझं थांबलं. माझ्या खोलीची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एक होती; मी कधीमधी व्हीसीआरवर सिनेमा लावला की तो त्यांना पलीकडे ऐकू जायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस त्यांनी सांगितलं, "तुझ्या आपिसातला माणूस आलता गे. पोरगी कशी आहे विचारला. चांगली आहे म्हटले. एक महिना लक्ष ठेवा म्हणाला. सरी, ठेवते म्हटले."

मी हसण्यावारी नेलं. अशी चौकशी सगळ्यांचीच होते, घरमालक चांगली आहे म्हणतात, कागद पुढे सरकतो. लक्ष ठेवा हे तो माणूस दहा घरी म्हणत असेल आणि दहाही घरांत ते कोणी मनावर घेत नसेल. पण अक्कांची सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून गेलेली. प्रत्येक कॉलची चिठ्ठी, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. वरून हुकूम आला तर एखाद्या नंबरावर बोललेलं ऐकून टिपूनही ठेवायचं. त्यांना कोणी लक्ष ठेवा म्हटलं की त्याचा अर्थ एकच होता.

जानेवारीत मला सिक्युरिटी सेक्शनमध्ये बोलावलं. तिथले अधिकारी वयस्कर, फौजेतून आलेले, बोलायला सभ्य. आमचं बोलणं हिंदीत झालं. त्यांनी चहा मागवला आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर अक्कांचं अक्षर होतं, इंग्रजीत, रेघा आखून. तारीख, वेळ, तपशील. सहा चाळीस ते सात पंचवीस, परदेशी सिनेमा पाहिला, रडली. सहा पस्तीस ते सात वीस, परदेशी सिनेमा पाहिला, रडली. असं खालपर्यंत. एवढा अपमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

"तुमची सोसायटी महिन्यात किती सिनेमे दाखवते?" त्यांनी विचारलं.

"एक."

"इथे तेवीस आहेत. बाकीचे बावीस कुठून येतात?"

मी कागदावरच्या ओळी मोजायला लागले.

"आणि पंचेचाळीस मिनिटांचा सिनेमा कुठला असतो? आम्ही फौजेत ट्रेनिंगच्या फिल्म बघायचो, त्या एवढ्या असायच्या." ते हसले, पण पेन उघडून बसले होते. "तुमच्याकडे व्हीसीआर आहे. कॅसेट कोण देतं? वकिलातीतलं कोणी आहे का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्का वर्षभर भिंतीपलीकडे होत्या. सिनेमा कोणता आणि रडणं कोणतं हे कळायला त्यांना व्हीसीआरचा आवाज पुरेसा होता, आणि त्या महिन्यात मी तो एकदाही लावला नव्हता. त्यांनी वेळा खऱ्या लिहिल्या होत्या. बत्तीस वर्षांची सवय, वेळ खोटी लिहायला त्यांचा हात धजावला नसावा. पण पोरगी रोज उगीच रडते असं लिहिलं तर ऑफिस तिला वेडी ठरवून घरी पाठवेल, म्हणून प्रत्येक रडण्याला त्यांनी एकेक सिनेमा जोडून दिला होता. परदेशी अशासाठी की गाणी कशी ऐकू आली नाहीत असं कोणी विचारू नये. मला वाचवायला गेल्या आणि मला थेट वकिलातीच्या दारात नेऊन उभं केलं.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. कॅसेटच्या एखाद्या दुकानाचं नाव ठोकून द्यायचं, म्हणजे त्या दुकानदाराच्या मागे चौकशी लागणार आणि दुसऱ्या दिवशी मी खोटी पडणार. किंवा जे मी आईला सांगितलं नव्हतं, मैत्रिणीला नाही, आरशातसुद्धा नाही, ते या अनोळखी माणसाला सांगायचं, तेही पेन उघडं असताना. पण खरं सांगते, त्या क्षणी भीतीपेक्षा संताप जास्त होता. मी काय चोरी केली होती? मला वाईट वाटत होतं. वाईट वाटायला परवानगी लागते का?

"सिनेमे नव्हतेच," मी म्हटलं. "त्या महिन्यात मी एकच सिनेमा पाहिला, रविवारी, सभागृहात. त्या दिवशी बघा, रडल्याची नोंद नसेल. बाकी दिवस मी नुसतीच रडत होते. घरमालकीणबाई भिंतीपलीकडे असतात, त्यांना वाटलं सिनेमा चालू असेल."

त्यांनी कागदावर बोट फिरवत रविवार शोधला. तिथे नोंद नव्हती.

"का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. थंडीत होतं. मी डॉक्टरांकडे जाणार आहे." हे शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा बोलून गेल्यावर मी ते सोडलं नाही. "तेही लिहा. उपचार घेणार आहे असं लिहा. माझ्या कामात चूक दाखवा आणि मग मला काढा. रडते म्हणून काढणार असाल तर तसं लेखी द्या."

ते लिहीत राहिले. माझा चहा तसाच राहिला होता, तो संपवून जा म्हणाले.

घरी येऊन मी अक्कांना सगळं सांगितलं. रागावूनच सांगितलं. माझ्यावर पाळत ठेवलीत, ती ठेवलीत, वर खोटं लिहिलंत. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"खरं सांगितलीस?" एवढंच विचारलं.

"हो."

"पिक्चर नव्हता म्हणून?"

"हो."

"आता काम जाईल की गे."

"जाऊ दे. आणि जाणार नाही. मी जाऊ देणार नाही."

अक्का तांदळाचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, "एक्स्चेंजात मी पण रडायची. हेडफोन लावूनच. डोळे लाल बघून सुपरवायझर विचारायची. सर्दी आहे म्हणायची मी. बारा महिने सर्दी." मग जरा थांबून, "पिक्चरचं तेव्हा सुचलं नाही, नाहीतर तेच सांगितले असते."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि उरलेले तांदूळ निवडले.

माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं. पत्रात कारण दिलेलं नव्हतं. मी ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं आणि त्यांनी परत ये म्हणायच्या आत सांगितलं की मी इथेच आहे. दर गुरुवारी दुपारी मी मानसोपचाराच्या ओपीडीत जायला लागले. प्रयोगशाळेतून मधल्या वेळेत बाहेर पडायचं तर गेटपासवर कारण लिहावं लागे. सगळे जण 'खाजगी काम' लिहीत. मी पहिल्याच गुरुवारी 'मानसोपचार' लिहिलं, ठळक अक्षरांत. गेटवरच्या शिपायाने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. पुढच्या गुरुवारी एकदाच वाचलं. ज्यांना माझ्यावर लक्ष ठेवायचं होतं त्यांनी खुशाल ठेवावं, पण मग जे आहे तेच बघावं, असं मी ठरवून टाकलं होतं. विभागातल्या दोघी माझ्याशी जरा जपून बोलायला लागल्या. लागल्या तर लागल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, झोप यायची, पण मार्चपर्यंत माझा संध्याकाळचा चहा गरम असताना पिऊन व्हायला लागला. जुलैत नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि कामाला लागले, कारण त्या दिवशी एक चाचणी चालू होती.

पुढच्या डिसेंबरात मळभ आलंच. मी वाट बघत बसले नाही, पहिल्याच गुरुवारी तपासून घ्यायला जायचं ठरवलं. त्या दिवशी रजाच घेतली होती. बाहेर पडले तर फाटकाशी अक्का उभ्या. इस्त्रीची साडी, वर स्वेटर, हातात पिशवी, पायात बाहेरच्या चपला.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"मी पण येते गे. कार्ड काढायला काय लागतं?"

"नाव आणि वय. आणि त्रास कधीपासून आहे ते विचारतात."

त्यांनी फाटकाला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. बसमध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली. खिडकीबाहेर बघत बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "नुसतं साल सांगितलं तर चालतं काय?"