टाकीमागची गळती

“काकू, गळती आहे ती. बाग नव्हे.”

“तुमच्यासाठी गळती. मला तिथं चाळीस कोटी वर्षं दिसतात.”

“चाळीस कोटींचं नंतर बघू. नळाला चार-चार दिवस पाणी न्हाय आपल्या. भरलेली टाकी गळून तळाला जाते, मोटर हवा ओढते, आणि वरच्या लोकांनी जिन्यानं हंडे न्यायचे. हे पटतंय का तुमाला?”

बोलत होते ते देशमुख, आमच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्यामागं गवंडी सिमेंटचं घमेलं घेऊन उभा, आणि त्याच्यासमोर मी, टाकीच्या भिंतीला पाठ लावून.

“वरच्या लोकांनी तक्रार केली का कधी?” मी विचारलं. “पद्मा, तू केलीस का?”

तिसऱ्या मजल्यावरची पद्मा जिन्याच्या पायरीवर बसून गुडघा चोळत होती.

हे भांडण समजायचं तर मागचं थोडं ऐकावं लागेल. आम्हा झाडं बघणाऱ्यांचे किस्से असेच साठत गेलेत. ओल लागेल तिथं एक उगवतो, त्याला चिकटून दुसरा, आणि खरवडून काढावेत तर हातच हिरवा होतो.

*

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं शिक्षण नवी पेठेमागच्या रद्दीच्या दुकानात. तिथं कॉलेजची वनस्पतिशास्त्राची पुस्तकं किलोवर मिळायची. दुकानदार विचारायचा, “वड्या थापायला का कागद, मावशी?” मी म्हणायचे, “व्हय. डोक्यात थापायच्यात.”

पुस्तकातलं सगळं पाठ झालं, पण बघायचं कुठं? सोलापुरात. इथं माणसाच्या कपाळावर घाम वाळतो तिथं मॉस कुठनं दिसणार?

मग आमच्या टाकीला मागच्या बाजूनं तडा गेला. वर्षभरात भिंत हिरवी झाली. भिंग घेऊन गेले तर अगदी तड्याशी कानाच्या पाळीसारखे चपटे हिरवे तुकडे, त्यांच्या शेजारी मखमलीसारखं मॉस. हातभर अंतरावर विटांच्या फटीतून नेचा, म्हणजे फर्न. मी बाजूला मोरपंखी आणून लावली, आणि पार कोरड्यात, फाटकापाशी, सदाफुली आपली आपण आली.

म्हणजे बघा, जमिनीवरच्या झाडांचा चाळीस कोटी वर्षांचा सगळा इतिहास एका रांगेत. तड्याजवळचे सगळ्यात जुन्या घराण्याचे. त्यांच्या अंगात पाणी वर चढवणारे नळ नसतात, म्हणून ते बोटभरही उंच होत नाहीत, आणि त्यांच्या नराच्या पेशीला मादीकडे पोहत जावं लागतं. पाणी नाही तर लग्न नाही. नेच्याच्या अंगात नळ आले, तो उंच झाला, पण लग्नाला पाणी त्यालाही लागतंच. मोरपंखीनं पाण्याचा नाद सोडला, परागकण वाऱ्यावर दिले. बी मात्र उघडीच राहिली. सदाफुलीनं बी पेटीत घातली आणि निरोपाला किडे ठेवले.

जितकं पुढचं घराणं, तितकं तड्यापासून लांब. असा तक्ता कुठल्या कॉलेजात नाही. हे मी देशमुखांना सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हंजे काकू, सदाफुलीसारखं व्हायला पायजे माणसानं. पाणी मागायचंच न्हाय.”

त्यांना वाटलं विनोद झाला. सोलापूरचा सगळा कारभार त्याच तत्त्वावर चाललाय.

*

दर रविवारी सकाळी टाकीमागं आमचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे किती, तर मी, पद्मा, आणि बिरादार सर. सर अक्कलकोटकडचे, हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झालेले. बाकीचे येऊन बघून गेले. एक बाई तर विचारून गेल्या, “ह्याची भाजी होते का?” नाही म्हटल्यावर परत आल्या नाहीत.

पद्मा तेलुगू विणकरांच्या घरातली. उभा जन्म चादरी तपासण्यात गेला तिचा. धागा तुटला, डाग पडला की चादर बाजूला. तिला मी नेच्याची जबाबदारी दिली.

पुढच्या रविवारी आले तर नेच्याची पानं अशी लखलखीत की भांडी घासल्यासारखी.

“ताई, कीड लागली होती की वो,” ती म्हणाली. “पानाखाली दोन्ही काठाला नुसती तपकिरी रेघ. जुना टूथब्रश घेऊन सगळी काढली. तीन दिवस लागले.”

बिरादार सरांनी एकेक पान उलटून बघितलं. त्या तपकिरी रेघेत नेच्याचे बीजाणू असतात. त्याची सगळी पुढची पिढी पद्मानं टूथब्रशनं घासून काढली होती.

मी तोंड सोडलं. जे बोलू नये ते बोलले. पद्मानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “डाग दिसला की हात थांबत न्हाय माझा. तुमी सांगायचं होतं की, ही लेकरं हायत म्हणून.”

*

दिवाळीला देशमुखांनी टाकीमागं ब्लीचिंग पावडर मारली. “पाहुणे येतात, घाण दिसते,” म्हणे. सकाळी बघते तर भिंत पांढरीफटक, सुतकी घरासारखी.

मी त्यांच्या दारात गेले. फराळाचं ताट पुढं आलं, मी हात लावला नाही. म्हटलं, “देशमुख, डायनासोर यायच्या कितीतरी आधी ही जात जमिनीवर आली. डायनासोर गेले तरी ती राहिली. तुमच्या दिवाळीत गेली.”

ते चकली मोडत म्हणाले, “गळती हाय तोवर परत येईल की काकू.”

आली. पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसलं. गळती हाय तोवर.

*

मोडनिंबला बिरादार सरांच्या मेव्हण्याचं डाळिंब. सर म्हणाले, तिथं बांधाला सूचिपर्णी झाडं आहेत, चला, वर्ग नेऊ. गेलो एसटीनं तिघं.

बांधावर सुरूची झाडं. लांबून पाइनसारखी, सुया काय, शंकू काय. सरांनी मेव्हण्याला, गड्यांना, ट्रॅक्टरवाल्याला गोळा करून व्याख्यान सुरू केलं. “हे बघा, ह्याला फूल नसतं. बी उघडी. मोरपंखीचा भाऊ.”

मी म्हटलं, “सर, थांबा. हा सदाफुलीचा भाऊ आहे.”

“शंकू दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसतो. तो शंकू नव्हे, फळांचा घोस आहे. आणि तुमची सुई ती पान नव्हे, फांदी आहे.” मी सुई उचलून सांध्या-सांध्यावर मोडून दाखवली, प्रत्येक सांध्याला खवल्यांएवढी पानं. सरांनी भिंग घेतलं, बघितलं, आणि म्हणाले, “इतकी वर्षं पोरांना चुकीचं सांगितलं असेल तर आता ती पोरं कुठं शोधू?” आणि लगेच पुन्हा भांडायला लागले.

मेव्हणे कंटाळून म्हणाले, “फूल असू दे नायतर नसू दे. वारा अडवतंय की.”

आम्ही भांडतच स्टँडवर आलो, भांडतच गाडीत चढलो, फळाची व्याख्या काय यावर कंडक्टरलाही ओढलं. बऱ्याच वेळानं पद्मा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “सर, ताई, झाड कुठलंबी असू दे. आपण टेंभुर्णीला आलोय.”

सोलापूर उलट दिशेला होतं.

*

एका शाळेनं मला विज्ञान दिनाला बोलावलं. मी मॉसच्या गोष्टीपाशी आले तोवर मॅडमनी घड्याळ दाखवलं. “काकू, हे परीक्षेला नाहीये, थोडक्यात घ्या.” पोरांच्या पायाखाली प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली. चाळीस कोटी वर्षं थोडक्यात घेतली आणि बसले.

मग सत्कार. पुष्पगुच्छ हातात आला. फुलं प्लास्टिकची, पुढच्या वर्षी परत वापरायची असणार. मागं खोचलेलं नेच्याचं पान मात्र खरं होतं, पाणी नसल्यानं मान टाकलेलं.

मी ते पान ओढून काढलं आणि गुच्छ परत दिला. “फुलं तुमची तुम्ही ठेवा. ह्याला मी घरी नेते.”

फोटोत मी तेवढी आहे, गुच्छाविना, हातात नेच्याची काडी घेतलेली.

*

उन्हाळ्यात भिंतीवरचं मॉस काळं पडतं. पद्मानं एकदा विचारलं, “मेलं का, ताई?” मी थोडं खरवडून काड्यापेटीत घातलं आणि कपाटात ठेवलं. मृग लागल्यावर तिला बोलावलं. पेटी उघडली. चहाच्या भुकटीसारखा चुरा. “टाक पाणी.”

तिनं बोटानं चार थेंब टाकले. आमच्या डोळ्यांदेखत ते फुगलं, उलगडलं, हिरवं झालं.

“अय्यो,” ती म्हणाली. “मेलेलं उठलं की.”

“मेलं नव्हतंच. ते असं वाळून पडतं आणि पाणी येईपर्यंत थांबतं. महिनोन्महिने. तुझ्या-माझ्यासारखं ओरडत नाही.”

ती पेटी तिनं मागून घेतली. तिचे यजमान अर्धांगवायूनं पडून आहेत, बोलणंही गेलंय. त्यांच्या उशाशी बशीत ठेवून रोज भिजवायची. मी वर भेटायला गेले तेव्हा त्यांना म्हणाली, “बघा की, ताईंचं औषध.” ते बशीकडं बघत राहिले. मी बशीत आणखी चार थेंब टाकले आणि खाली आले.

*

मग सरांना मुलानं पुण्याला नेलं, चौदाव्या मजल्यावर. पहिल्या रविवारी फोन आला. “खाली मोठा बगीचा आहे हो. सगळं रोल करून आणलेलं गवत. एक जात, एक उंची. फटसुद्धा नाही कुठं, की काही आपलं आपण उगवेल.”

“भिंतींना ओल?”

“वॉटरप्रूफ,” ते म्हणाले. पुढं फोन कमी झाले, आणि आता मीच करत नाही. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना नसलेल्या झाडांची माहिती द्यायची, ती किती दिवस?

रविवारी टाकीमागं मी आणि पद्मा. मग तीही कमी येऊ लागली. गुडघे दुखतात म्हणायची. मला वाटलं, कंटाळली. सगळे कंटाळतात.

*

तर गवंडी घमेलं घेऊन उभा होता.

“भिंत बुजवली,” मी म्हटलं, “तर आधी ते चपटे जातील, मग मॉस, मग नेचा. मोरपंखी राहील, कारण ती तुम्हाला शोभेला लागते. ह्या शहरात हे उगवायला दुसरी एक जागा दाखवा, मी स्वतः सिमेंट कालवून देते.”

“मग तुमी पाणी शिंपडा की रोज,” देशमुख म्हणाले. “तुमच्या वाटणीचं.”

“शिंपडेन. माझ्या वाटणीचं. तळमजल्यावर राहते, मला किती लागतं?”

“आणि तुमच्यामागं?”

मी आवाज चढवला. अडाण्यांचं गाव म्हटलं. ब्लीचिंग काढलं, प्लास्टिकची फुलं काढली, देशमुखांचे आजोबा काढले. गवंड्यानं घमेलं खाली ठेवलं. गॅलऱ्यांत माणसं आली. मी म्हटलं, “एक माणूस दाखवा ह्या बिल्डिंगमधला, ज्याचं ह्या गळतीनं खरंच काही अडलंय. एक.”

पद्मा कठडा धरून उठली. पायरीवर तिच्या बाजूला दोन रिकामे हंडे होते, ते मी इतका वेळ बघितलेच नव्हते. ती भिंतीपाशी आली, मॉसवरनं हात फिरवला, चादरीवरनं फिरवावा तसा, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “ताई, तुमीच शिकवलंय की, हे वाळून पडतं पण मरत न्हाय, पाणी येईस्तोवर थांबतं; ह्याला थांबता येतंय, माझ्याच्यानं आता थांबवत न्हाय.”