माशाच्या डोक्यावरची गाठ

मुलांनो, आजोबांच्या मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दवाखान्यात बसलो होतो. समोर काचेच्या टाकीत एक गोल्डफिश फिरत होता. त्याच्या डोक्यावर लाल, फुगीर टोपीसारखं काही होतं.

"बिचाऱ्यालाही गाठ आलीय," मी म्हणाले.

काच पुसणाऱ्या मावशी हसल्या. "ज्याची मोठी, तोच देखणा हो आजी! मासे पाळणारे पिल्लंसुद्धा त्याच्यापासूनच घेतात."

मला मागे वाचलेलं आठवलं. उत्क्रांतीत नवा अवयव घडायला जास्तीच्या पेशी लागतात आणि त्या कधीकाळी गाठींनीच पुरवल्या असाव्यात, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. बहुतेक गाठी नुसत्या वाढतात आणि शरीराला घेऊन बुडतात. एखादीच वेळीच थांबते, शरीराचं ऐकू लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. हे अजून सिद्ध झालेलं नाही, तेव्हा शाळेत ठामपणे सांगू नका.

आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे माझी उत्क्रांती चाललीय म्हण!"

"अहो, त्याला लाखो वर्षं लागतात. एकट्यादुकट्याची तिथे दखलही नसते," मी म्हणाले. निसर्गाचं हे वागणं मला नेहमीच रास्त वाटत आलं आहे.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. तारखांप्रमाणे लावलेली फाइल बाकावरच विसरून मी त्यांचा हात धरून आत गेले. डॉक्टर म्हणाले, "साधीच गाठ आहे." फाइल आणायला बाहेर आले आणि ती मांडीवर घेऊन थोडा वेळ त्या बाकावरच बसले.