घंटारावांची सोळा मात्रांची चिठ्ठी

त्यांचं खरं नाव नाटकाच्या जाहिरातीत छापून यायचं, पण नाट्यगृहात ते कुणी उच्चारत नसे. तिथे ते घंटाराव. नाटक लिहायचं त्यांनी आणि गाण्यांना चाली लावायच्याही त्यांनीच. पण पडदा उघडताना नायिकेला म्हणायचं पहिलं गाणं ते तिसरी घंटा होता होता हातावर ठेवायचे. चाल महिनाभर आधी तयार असायची, शब्द मात्र नसायचे. तोवर तालमीत नट्या त्याच चालीवर "वांगी, बटाटे, कांदे, कोबी" म्हणत डोळ्यांत पाणी आणायच्या. एकीला म्हणे पुढे भाजी घेतानाही हुंदका फुटायचा.

सवय लागली ती पहिल्याच नाटकापासून. तेव्हा दुसरी घंटा झाली तरी शब्द नव्हते. घंटारावांनी घाबरून खिसे उलटेपालटे केले, तर सकाळी बायकोने पेटीवर ठेवलेली चिठ्ठी हाती आली. ती माहेरी गेली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं : "जाताना दिवे मालवा, किल्ली शेजारी ठेवा." चौदा आणि चौदा मात्रा. चालीत अशा बसल्या, जशी पायात जुनी चप्पल. नायिकेने गायलं आणि अख्खं नाट्यगृह स्फुंदू लागलं. एका समीक्षकाने लिहिलं, किल्ली म्हणजे आत्मा. बायको ते वाचून म्हणाली, "आत्मा कसला? मागच्या वेळी किल्ली हरवून कुलूप तोडायला लागलं होतं, म्हणून लिहिलं."

इथवर गंमत होती. पण वाघाने रक्त चाखलं. पुढे घरात काही बोलायची सोय उरली नाही. ती म्हणाली, नळ गळतोय, की घंटारावांचं बोट टेबलावर पडलंच, टक टक टक. नळ गळतच राहायचा. दुसऱ्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला ती नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली, शेजारी तिची थोरली बहीण. तिसऱ्या अंकात युगुलगीत सुरू झालं आणि ती थिजली. मूल राहत नाही म्हणून एका दुपारी ती स्वयंपाकघरात जे जे बोलली होती, ते शब्दाला शब्द तिथे रंगमंचावर चाललं होतं, तबल्याच्या साथीने. लोकांनी वन्स मोअर घेतला. ताईने तिचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आजपासून माझ्या तोंडचा एक शब्द नाटकात गेला, तर मी या घरात नाही."

घंटारावांनी पेटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि, ऐकून आश्चर्य वाटेल, चोवीस वर्षं पाळली. तिथेच घोडं पेंड खायला लागलं. आता गाण्यांचे शब्द ते स्वतः लिहीत. त्यात क्षितिजं असायची, वादळं असायची, व्याकुळ नसलेला पक्षी औषधालाही सापडायचा नाही. ओळीने आठ नाटकं पडली. आठव्याला तर तिसऱ्या अंकात प्रेक्षकांपेक्षा रंगमंचावर माणसं जास्त होती. बायकोही चिठ्ठ्या लिहायची थांबली. निरोप द्यायचा तर ती कॅलेंडरवर खुणा करायची. गोल म्हणजे दूध, फुली म्हणजे गॅस. खुणेला कोण चाल लावणार?

त्यानंतरच्या नाटकाला कंपनीच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं, "घंटाराव, हे शेवटचं. पहिलं गाणं बसलं तर नाटक उभं राहील. पडलं तर तुम्ही घरी आणि मी किराणा दुकानात."

चाल मात्र या वेळी अशी उतरली होती की ते रात्री उठून पुन्हा पुन्हा वाजवून पाहायचे. सोळा मात्रांची, हळू चढणारी. शब्दांच्या नावाने शून्य. पंधरा दिवस त्यांनी कागद फाडले. वय त्रेसष्ट, डाव्या कानात सतत शिट्टी, आणि रोज पहाटे एकच विचार : ही चाल मुकीच मरणार. शेवटी शुभारंभाच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, एक ओळ दे."

ती डाळ निवडत होती. "कसली ओळ?"

"काहीही. भांड हवं तर. शिव्या दे."

"शिव्या द्यायच्या म्हटलं तरी भीती वाटते हो. उद्या कोरस गाईल."

घंटाराव हसले नाहीत. खाली बसले आणि त्रेसष्ट वर्षांच्या त्या माणसाने तिचे पाय धरले. "मी संपलो गं. तुझ्याशिवाय मला शब्द सुचत नाही."

तिने डाळीचं ताट बाजूला ठेवलं. "शब्द सुचत नाही, एवढंच ना? माझ्यावाचून दुसरं काही अडत नाही?"

प्रश्न सोपा होता. पण घंटाराव त्या वेळी "माझ्यावाचून" या शब्दाच्या मात्रा मोजत होते. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह निम्मं भरलं. पहिली घंटा झाली. नायिका विंगेत वहीचं कोरं पान धरून उभी होती. दुसरी घंटा झाली. तेवढ्यात दारावरचा माणूस आला. "साहेब, चष्मा विसरलात म्हणे. बाईसाहेब देऊन गेल्या."

चष्म्याच्या डबीत घडी घातलेला कागद होता. चोवीस वर्षांनी तेच किरटं अक्षर :

"जाते मी ताईकडे आज. जेवणाची वाट नका बघू. शब्द माझे घेऊन जाते."

घंटारावांचं बोट मांडीवर पडलं. सोळा. पुन्हा सोळा. पुन्हा सोळा! त्यांनी कागद नायिकेच्या हातात कोंबला. "मिळालं! बसलं, बाई, बसलं!"

तिने दबक्या आवाजात ओळी म्हणून पाहिल्या आणि पदराने डोळे टिपले. "घंटाराव, जीव घेतलात. बाई खरंच घर सोडून चाललीय असं वाटतं हो."

तेव्हा कुठे त्यांना चिठ्ठीचा अर्थ कळला. मात्रा आधी मोजल्या आणि बायको नंतर गेली.

"आणा तो कागद इकडे."

"अहो, असं काय करताय? तिसरी होईल आता!"

"ते गाणं नाही. चिठ्ठी आहे ती. माझी आहे." कागद ओढताना कोपरा फाटला. मालक धावत आले, त्यांनी हात जोडले, मग शिव्या घातल्या. घंटारावांनी कागद खिशात घातला. "नुसती चाल गुणगुणा," एवढं नायिकेला सांगून ते मागच्या दाराने बाहेर पडले. पाठीमागे तिसरी घंटा झाली, मग ती चाल सुरू झाली, शब्दांवाचून. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं. रस्त्याच्या वळणापर्यंत हसू वाढत गेलेलं ऐकू येत होतं.

ताईचं घर पाऊण तासाच्या अंतरावर. दार बायकोनेच उघडलं.

"नाटक सोडून आलात?"

"हो."

"मग माझी चिठ्ठी गायली असेल ना त्यांनी?"

त्यांनी खिशातून फाटका कागद काढून तिच्यापुढे धरला. "नाही दिली. नायिकेने नुसती चाल गुणगुणली."

"पडलं?"

"पडलं असणार. लोक हसत होते."

तिने कागद घेतला, उलटसुलट पाहिला. चेहऱ्यावरची एक शीर सैल झाली. दारावरचा हात खाली आला, आणि ती बाजूला सरली.

"आत या. चहा निवतो आहे."

घंटाराव पाय उचलणार, तोच तिची नजर खाली गेली. दाराच्या चौकटीवर त्यांचं बोट चाललं होतं. टक, टक, टक. त्यांनाही ते आत्ताच दिसलं. त्यांनी झटकन हात पाठीमागे घेतला.

"किती भरल्या?" तिने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण मात्रांच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"सोळा," घंटाराव म्हणाले.

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. पाठीमागे दडवलेल्या हाताचं बोट हलू नये म्हणून घंटारावांनी ते दुसऱ्या मुठीत घट्ट आवळून धरलं होतं.