कोरड्या डोळ्यांची उमेदवार

मी निवडणुकीला उभी राहिले तेव्हा अगदीच पोर होते. बासष्टची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईची आठवण आली की हसू दाबावं लागतं. नवा चष्मा, नवं विधवापण आणि चेहऱ्यावर असा भाव, की गावाचा नकाशा हिच्या तळहातावर कोरलाय. कुणीतरी तिला सांगायला हवं होतं, बाई, जरा दम धर, तुला अजून अक्कल यायची आहे.

आमचं गाव ताडकळसहून फार लांब नाही. मालक गावचे सरपंच होते. एका बाजाराच्या दिवशी ते ताडकळसहून आले, ओसरीवरच्या खुर्चीत टेकले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या भरून आणेपर्यंत गेले. मुदत बरीच बाकी होती म्हणून पोटनिवडणूक लागली. पुतण्या म्हणाला, "काकू, तुमीच उभ्या ऱ्हावा." मी "नको रे बाबा" म्हणाले, पण इतक्या हळू की त्याला ऐकू जाऊ नये. खरं तर मला सरपंच व्हायचंच होतं. मालकांच्या नावानं नाही, माझ्या. इतकी वर्षं चहा घेऊन दाराआड उभी राहून मी अख्खा कारभार ऐकला होता. कुठल्या गल्लीत पाणी येतं आणि कुठल्या गल्लीत नुसतीच तोटी बसवलीय, हे मालकांना आठवलं नाही की मी आतून खोकून खुणावायची.

अडचण एकच होती. मी रडले नव्हते.

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि फुलांच्या मखरात बसवूनच गावातून नेतात. जमिनीतही बसलेलाच ठेवतात. मालक आमच्या वावरात बांधाजवळ बसलेत. 'झोपलेत' असं मला कधी म्हणता आलं नाही. निघताना मठाच्या स्वामींनी मला बजावलं होतं, "आई, डोळ्यातून टिपूस काढू नका. ते शिवाशी एक झालेत. तुम्ही रडलात तर मागं वळून बघतील." आता नवरा मागं वळून बघेल म्हटल्यावर कोण रडेल? मी दात आवळून चालले. वाटेत त्यांचा डोक्याचा रुमाल डाव्या कानावर घसरला. ग्रामसभेत डुलकी लागली की नेमका तसाच घसरायचा. मला हसू आलं. एवढंसंच. पण तेवढंच कुणाच्या तरी मोबाईलमध्ये सापडलं.

आमच्या लोकांना त्यात वावगं वाटलं नाही. पण गाव काही एकट्या आमच्या लोकांचं नाही. अर्ज भरला त्या दिवशी तो व्हिडिओ घरोघरी फिरला. पिठाच्या गिरणीवर मी पोचले की बायका गप्प व्हायच्या, आणि मी वळले की मागून, "माय माय! नवरा समोर बसवलेला अन् ही हसायली." "दगड हाय दगड." समोरचा उमेदवार मालकांच्या मातीला येऊन धाय मोकलून रडला होता. हयातीत दोघांनी एकमेकांचा चहा घेतला नव्हता. त्याचाही व्हिडिओ फिरला. "लय मोठ्या मनाचा मानूस," असं बायाबाप्ये सगळेच म्हणायला लागले.

पुतण्याचं खताचं दुकान आहे. गिऱ्हाईक काय बोलतं ते त्याला आधी कळतं. तो म्हणाला, "काकू, एकदा रडा. एकच बार. सीट आपली."

"अरे पण रडू आलं तर रडीन ना."

"येत न्हाई म्हंजे काय? काका गेलेत तुमचे!"

"तुझे काका गेलेत. माझे मालक वावरात बसलेत."

तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघायला लागला.

तरीही मी सराव केला, हे कबूल करते. आरशासमोर बसून तोंड वेडंवाकडं केलं. आरशातली बाई रडतेय असं कुणाला वाटलं नसतं, दाढ दुखतेय असं वाटलं असतं. मग पदराच्या टोकाला चिरलेला कांदा बांधून पहिल्या सभेला गेले. डोळे कोरडेच राहिले, शिंका मात्र अशा सुरू झाल्या की माईक शिट्ट्या मारायला लागला. पुतण्यानं माईक ओढून घेतला आणि म्हणाला, "काकूंना भरून आलंय!" पुढच्या रांगेतली पोरं खिदळली.

मग त्यानं खुर्ची आणली.

ओसरीवरची तीच वेताची खुर्ची, जिच्यात मालक शेवटचे टेकले होते. प्रत्येक सभेत ती मधोमध ठेवायची, तिच्यावर त्यांचा रुमाल, रुमालावर हार. मी शेजारी साध्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. पुतण्या म्हणाला, "तुमी रडू नका. खुर्ची रडवंल."

आणि खरंच, लोक चपला काढून पुढे यायला लागले. खुर्चीच्या पायांना हात लावायचे. धनगरवाड्यातला एक म्हातारा तर सभा संपल्यावर खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "सरपंच, आमच्या गल्लीला नळाचं पानी कवा?" मग कान देऊन गप्प राहिला. जरा वेळानं मान डोलावली, "बरं बरं," म्हणाला आणि काठी टेकत गेला. त्याला काय उत्तर मिळालं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या गल्लीत मेंढ्यांमागचं एक कुत्रं होतं, कुणाच्याही पोटरीला धरायचं. प्रचाराला गेलो तर ते भुंकत आलं, खुर्चीजवळ थबकलं आणि तिच्यापुढे पाय पसरून निमूट पडून राहिलं. मालक बसले की ते असंच करायचं.

मी म्हणजे किती हुशार, मला वाटायचं टाळ्या माझ्या भाषणाला पडतायत. घरी येऊन मी आणखी जोरात बोलायचा सराव करायची. एक दिवस पुतण्यानं सभेचा व्हिडिओ दाखवला. सबंध सभा होती, पण मी कुठेच नव्हते. ज्यानं कुणी तो काढला त्यानं मोबाईल खुर्चीवरून हलवलाच नव्हता. रुमाल, हार, खाली झोळ पडलेली वेताची जाळी, आणि त्यातून माझा आवाज येतोय. 'मला निवडून द्या' असं खुर्ची म्हणत होती, बाईच्या आवाजात.

त्या दिवसापासून मी त्या खुर्चीसमोरून जाताना पदर सारखा करायला लागले. माझ्याच घरात! भर दुपारी, स्वयंपाकघरात भाकरी थापताना, पाठीला कुणाची तरी नजर लागल्यासारखं व्हायचं. खुर्ची मी ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवली होती. भाकऱ्या आटपून बाहेर आले तर तिचं तोंड आत, चुलीकडे. पुतण्या म्हणाला, "हवा असंल." वेताची खुर्ची हवेनं पडते, वळत नाही. पण प्रचाराच्या दिवसांत असल्या गोष्टींवर वाद घालायला कुणाला फुरसत असते?

शेवटची सभा शाळेपुढच्या मांडवात होती, ऊन कलल्यावर. मांडव गच्च भरला होता. मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यं झाली असतील नसतील, तो धनगरवाड्यातला म्हातारा मागून उठला.

"काकू, तुमी बसा जरा. सरपंचाला इचारू द्या." आणि खुर्चीला म्हणाला, "सरपंच, पानी कवा?"

मी बसले. मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. सगळा मांडव गप्प झाला. पोरं गप्प, कडेवरची लेकरं गप्प. शेकडो डोळे माझ्या अंगावरून जाऊन त्या रुमालावर थांबले आणि उत्तराची वाट बघायला लागले. खरोखर वाट बघायला लागले. पुतण्या माझ्या कानाशी लागला, "काकू, गप ऱ्हावा. लय भारी चाललंय."

तेव्हा मला कळलं की मी उमेदवार नाहीच. मी खुर्चीची बायको आहे. निवडून आले तर खुर्ची निवडून येणार, आणि पुढची सगळी वर्षं लोक तिला विचारणार आणि मी दाराआडून खोकणार.

मी प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठले. हार काढून पुतण्याच्या हातात दिला. रुमाल उचलला. बायकांच्या रांगेतून "अगं अगं" असं निघालं. आणि मी मालकांच्या खुर्चीत बसले.

खुर्ची गरम होती.

माझी नातवंडं म्हणतात, ऊन लागलं असेल. मांडवात, सावलीत, ऊन. असेल बाबा. मला माहीत आहे ती ऊब कसली असते. नुकतंच कुणी उठून गेल्यावर जागेला राहते ती. जाळीचा खळगाही मला मोठा होत होता.

मी म्हाताऱ्याकडे बघून बोलायला लागले. "बाबा, तुमचं पानी मालकांच्या काळात आलं न्हाई. त्यांनी तोटी बसवली, फोटो काढला. टाकी खाली हाय अन् तुमची गल्ली वर चढावर. त्या टाकीचं पानी तिथं जन्मात चढनार न्हाई. वर दुसरी टाकी लागती. हे मी त्यांना तवाच सांगितलं हुतं. ती टाकी मी करीन."

आणि माझ्या गालावरून पाणी वाहायला लागलं.

नाक भरलं नाही, आवाज कापला नाही, छातीत काही हललं नाही. मी टाकीचा हिशेब सांगत होते आणि डोळे आपले वाहत होते, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या, हनुवटीवरून थेंब मांडीवरच्या रुमालावर पडायला लागले. पदरानं पुसलं की पुन्हा तेवढंच. आधी पुढची रांग रडायला लागली, मग मागची. गिरणीवाल्या बायका तर हुंदके देत होत्या. मोबाईल धरलेले हात वर गेले. मी टाकी, पाइप, चढ, सगळं नीट शेवटपर्यंत सांगितलं. बोलणं संपलं तसं पाणी थांबलं, तोटी बंद करावी तसं. खुर्ची गार पडली होती.

संध्याकाळपर्यंत गाव माझं झालं. दगडाला पाझर फुटला म्हणाले. विरोधक म्हणाले डोळ्यात बाम घातला. त्यांच्या माणसानं पुन्हा एकदा रडून दाखवलं, पण आता ते नाटकी दिसायला लागलं. मी निवडून आले. गुलालात माखलेला पुतण्या म्हणाला, "काकू, काय टायमिंग धरलं!"

"ते माझं रडू नव्हतं रे."

"असू द्या की. मतं तर आपलीच हायती!"

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारची वावरात गेले. त्या वयात मला वाटायचं की सगळ्या प्रश्नांची उत्तरं विचारली की मिळतात. बांधाजवळ उभी राहिले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, पान हलत नव्हतं. वरची माती एका अंगाला थोडी खचली होती, बसल्या माणसानं कूस बदलावी तशी. मी विचारलं, "मालक, ते तुमचं होतं का?"

"अवो सरपंचबाई," मागून आवाज आला आणि मी गर्रकन वळले. "जित्या मानसासंगं बी बोला की जरा."

मेंढ्या घेऊन त्या म्हाताऱ्याची सून आली होती. शेजारच्या रिकाम्या रानात खतासाठी त्यांचा कळप बसवायचा होता.

"तुमचं रडनं मला काय पटलं न्हाई बघा," ती म्हणाली.

"का गं?"

"डोळे तुमचे नव्हते ते. आमच्या मामंजीनं बी वळखले. ते म्हनले, सरपंच आला, आता पानी आलं. अख्खा मांडव रडायला अन् मी एकटीच कान देऊन बसलेली. म्हनलं डोळे कुनाचे बी असू द्या, टाकी कोन म्हनायलंय? तोंड तर काकूचं हाय. मी टाकीला मत दिलं."

एवढ्या मतांत ते एक मत मला ओळखू आलं. ते माझं होतं.

"मग टाकी कवा?"

"ठराव घ्यावा लागंल, मग पंचायत समितीत..."

"घ्या की मग. हितं काय करायलाव?" तिनं काठी उचलली. "अन् एक ध्यानात ठिवा. टाकी न्हाई झाली तर पुन्यांदा रडू नका. मेंढ्या हापिसात आनून बसवीन."

तिनं कळप हाकला. मेंढ्या बांधावरून उतरल्या, पण त्या खचलेल्या मातीवरून एकही गेली नाही. मधे बसलेल्या माणसाला सोडून जावं तशा दोन्ही अंगांनी गेल्या आणि पुढे पुन्हा एक झाल्या. तिनं ते पाहिलं, मीही पाहिलं.

मी पदर खोचला आणि फाट्याकडे निघाले. तालुक्याची, पूर्ण्याला जाणारी बस यायची होती, आणि त्या दुपारी पंचायत समितीचा साहेब जागेवर सापडायला हवा होता.