गीताबाईच्या एकवीस पुड्या

शेवगावच्या बाजारात आडतीवर धान्य निवडायला बसनाऱ्या बायकांत गीताबाईचा हात लई नामी. मूळची पुनतांब्याची, लगीन होऊन आली ती सुपासंगंच आली म्हना. बावीस वरसं झाली, तिच्या हातून पोत्यात कधी खडा गेला न्हाई. घरात बी तीच तऱ्हा. पानी चार पदरी फडक्यानं गाळनार, नवऱ्याचा चहा दोनदा गाळनार. नवरा रंभाजी म्हनायचा, "गीते, एक दिस मला बी गाळशील."

रंभाजीचं नेवाशाच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान. त्याला पाच वरसं फिट यायची. गोळ्या चालू, तरी यायचीच. नगरच्या डाक्टरनी रक्त तपासून सांगितलं, गोळी पोटात नीट विरघळत न्हाई, निम्मी अर्धी तशीच निघून जाते. मंग त्यांनी नव्या पुड्या दिल्या. रोज एक पुडी अर्ध्या गिलासात ढवळायची अन लगेच प्यायची.

गीताबाईनं नेमानं दिल्या, एक दिस चुकली न्हाई. अन एकविसाव्या दिशी रंभाजी ट्यूब घेऊन पान्याच्या टबावर वाकलेला, भोक कुठंय बघत हुता, तितंच फिट आली अन तोंड टबात. गिऱ्हाईक समोर उभं हुतं म्हनून वाचला. त्यानं कॉलर धरून वर वढलं. गीताबाई पळत आली तवा रंभाजीच्या मिशीतनं पानी गळत हुतं.

दुसऱ्या दिशी एसटीनं नगर गाठलं. पुन्ना रक्त काढलं. डाक्टरनी कागद दोनदा वाचला. गोळीचा थोडाबहुत माग तरी लागत हुता, आता रक्तात औषधाचं नावबी न्हाई.

"मावशी, हे औषध घेतच नाहीत."

आपल्या हातानं रोज गिलास दिला, समोर हुबं राहून रिता करून घेतला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. हा माघारी थुंकत तर नसंल? रंभाजीनं गळ्याला हात लावला, थेंब ठिवला न्हाई म्हनला. तिला ते खरं वाटंना अन खोटंबी वाटंना. इतक्या वरसांच्या संसारात पहिल्यांदा तिच्या मनात असला संशय आला.

डाक्टर शहाना. वाद घातला न्हाई. एक पुडी अन दोन गिलास पुढं ठिवले, घरी देता तशी द्या म्हनला. गीताबाईनं पुडी ढवळली, पिशवीतनं आपलं फडकं काढलं, चार पदरी केलं अन दुसऱ्या गिलासावर धरलं.

"ते फडकं कशाला?"

"गाळाया. तुमच्या पुडीत बारीक कचकच हाय, सायब. खडा पोटात गेला तर मुतखडा हुतो."

डाक्टरनी तिचा हात धरला. मंग सावकाश सांगितलं. ती कचकच म्हंजे मधमाशीच्या पोळ्यावानी भोकाभोकाची पूड. हे औषध एकटं असलं की गोळा होऊन बसतं, विरघळत न्हाई. म्हनून ते त्या भोकांत बारीक करून भरलेलं असतं. पूड पोटात गेली की औषध तिथं सुटतं. पूड निघून जाते, मुतखडा हुत न्हाई. औषध त्या कचकचीतच.

"मंग मी ह्यांला काय पाजलं?"

"पाणी, मावशी."

गीताबाई खाली बसली. गाळ तर ती रोज दारच्या शेवग्याच्या बुडाला टाकत हुती. रंभाजी बिचारा तिला हसवाया म्हनला, एका बी शेंगंला फिट आली न्हाई. तिला हसू आलं न्हाई. तिच्या डोळ्यांपुढं तो टब. गिऱ्हाईक नसतं तर? माझ्याच सोवळ्या हातानं मी याला मारलं असतं, अन वर पुन्ना संशयबी त्याच्यावरच घेतला असता.

डाक्टरनी दुसरी पुडी दिली. तिनं ढवळली. हात सवयीनं फडक्याकडं गेला, तिनं तो माघारी घेतला. गढूळ गिलास तसाच रंभाजीच्या हातात दिला. त्यानं डोळे मिटले अन पिऊन टाकला.

गीताबाईनं गिलासात वाकून बघितलं. तळाला थोडी कचकच राहिली हुती. तिनं घोटभर पानी वतलं, गिलास हलवला अन पुन्ना त्याच्या पुढं धरला.

"तळाचं बी घ्या."