वन्संचं अडुळशाचं टिंक्चर

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणत असे. त्या मुंबईहून रत्नागिरीला परत आल्या तेव्हा आमचे जावई, म्हणजे त्यांचे यजमान, सोबत नव्हते. बोटीने गावी येणाऱ्या कुणा कुटुंबाबरोबर त्यांना धाडून दिलं होतं. पायरीवर टेकल्या, खोकल्याची उबळ ओसरू दिली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, माझं ताट-वाटी वेगळं ठेवा. मला काय झालंय ते मला ठाऊक आहे."

क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. माझे यजमान दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे खोटा दिलासा आमच्या घरात चालत नसे. डॉक्टरांनी दूध, मोकळी हवा आणि विश्रांती सांगितली. खोकल्यासाठी मी परसातल्या अडुळशाचा काढा देऊ लागले, पण झुडूप एकच होतं, बघता बघता ओकंबोकं झालं. श्रावणात वन्संनी शेजारपाजारहून अडुळशाच्या काड्या मागवल्या आणि परसाच्या दगडी गडग्याच्या कडेने स्वतः खोचल्या. सासूबाई ओरडल्या, "अगो, पडून राहा म्हणून सांगितलंय ना तुला?"

"पडून तरी काय होणार आहे, आई?" त्या म्हणाल्या आणि पुढची काडी खोचली.

अडुळशाला बकरी तोंड लावत नाही, तेव्हा कुंपणाची काळजी नव्हती. झुडपं जोरात वाढली.

काढा एका दिवसात आंबतो. स्पिरिटात मुरवलेला पाला मात्र टिकतो, असं यजमानांनी सांगितलं. डॉक्टरांना विचारून त्यांनी स्पिरिट आणलं. सासूबाईंनी ती बाटली स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. "दारूच ती," म्हणाल्या. मग सगळं मागच्या पडवीत मांडलं. वन्सं पानं सावलीत वाळवत, जाडसर कुटत आणि काचेच्या बरणीत स्पिरिट ओतून घट्ट बूच लावत. बरणी रोज हलवायची. पाल्याचा रंग पुरता उतरला की फडक्यातून गाळायचं आणि चोथा पिळून घ्यायचा. काळपट हिरवं, जहर कडू पाणी निघे. यजमान त्याला दवाखान्यातल्यासारखं टिंक्चर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ते पाण्यातून घेतलं की कफ सुटे, जरा डोळा लागे. ताप मात्र रोज संध्याकाळी येतच राहिला.

शेजारी एका मुसलमान खलाशाचं घर होतं. त्याची बायको मुलाच्या खोकल्यासाठी आली आणि चाचरत म्हणाली, "भाभी, यात दारू हाय ना? आमाला चालत नाय." वन्संनी मला पानांचा रस काढायला सांगितला आणि तिला मधातून तो कसा द्यायचा ते समजावलं. स्वतः मात्र दूर बसल्या. त्या मुलाचा खोकला गेला, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. आपल्या हातून कुणाला तरी गुण आला, असं त्या दिवसभर म्हणत होत्या.

पुढच्या वर्षी पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या आणि जावई आले. ओटीवर बसले. वन्सं माजघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. जावयांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खाली बघून ते म्हणाले, "घरचे ऐकत नाहीत. मुलगी बघून ठेवलीय त्यांनी."

"कधी आहे?"

"मार्गशीर्षात."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यात जावयांना खोकला आला. तोंडावर रुमाल धरून ते खोकत राहिले. तो खोकला आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. सासूबाई आत निघून गेल्या.

"हा कधीपासून?" वन्संनी विचारलं.

"बोटीवर वारं लागलं."

"वाऱ्याचा नव्हे हा. डॉक्टरांना दाखवा. आणि दाखवल्याशिवाय लग्नाला उभे राहू नका."

"तू रागाने बोलतेस."

"राग असता तर गप्प राहिले असते." त्यांनी पडवीतून एक भरलेली बाटली आणून उंबऱ्यावर ठेवली. "हे पाण्यातून घ्या. बरं वाटेल. बरं होणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

जावयांनी बाटली उचलली, पंच्यात गुंडाळली आणि ते निघाले. यजमान बंदरापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले, वाटेत पुष्कळ सांगितलं. परत येऊन एवढंच म्हणाले, "ऐकतील असं वाटत नाही."

त्या दिवशी मी वन्संचे केस विंचरत होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, ती मुलगी केवढी असेल हो?" मी केसातला गुंता सोडवत राहिले.

लग्न झाल्याचं बोटीने आलेल्या माणसांकडून कळलं. त्यानंतर वन्संनी परसात जाणं सोडलं. फाल्गुनात एका दुपारी मी त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला, जवळ बसू नका असं खुणेने सांगितलं. थोड्या वेळाने त्या गेल्या. जवळ बसू दिलं असतं तर, असं मला अजून वाटतं.

जावईही पुढे दोनेक वर्षांत त्याच दुखण्याने गेले. त्या मुलीचं काय झालं, हे यजमानांनी मुंबईला गेले असता जावयांच्या चाळीत जाऊन विचारलं. बिऱ्हाड मोडलं होतं. एक लहानशी विधवा होती, खोकायची, असं शेजारणीने सांगितलं. तिला कुठे नेलं, ते शेजारणीलाही ठाऊक नव्हतं.