संस्थेनं दिलेलं नॉमिनेशन

आयुष्यात मला एकदाच पुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि ते मी देवळासमोर नारळ फोडून मागं घेतलं.

मी टीव्हीवरच्या मालिकांचे संवाद लिहितो. सासू जिन्यावरून उतरताना जे बोलते ते माझं असतं आणि सून ओट्यापाशी मनातल्या मनात जे बोलते तेही माझंच. (जिना आणि ओटा निर्मात्याचा.) कवठे येमाईच्या पलीकडं आमची वाडी आहे. तिथं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना कुणी विचारलं, "दत्ता काय करतो?" तर आबा सांगत, "पुण्यात असतो." माझ्या साहित्यसेवेची गावाकडची दखल एवढीच!

म्हणून 'उत्कृष्ट संवादलेखक' या गटात माझं नाव निवडल्याचा मेल आला, तेव्हा मी पहिला फोन आबांना लावला. आबा उसाला पाणी देत होते. मागं मोटारीची घरघर.

"आबा, मला नॉमिनेशन मिळालं!"

"काय?"

"नॉमिनेशन! नॉमिनेशन!"

"भरलंस?"

"भरावं लागत नाही आबा, संस्थेनंच दिलंय!"

पलीकडं मोटार बंद झाली. मग आबा आवाज उतरवून म्हणाले, "आप्पाला ठावं हाय का?"

"सांगा की! त्यांना तर आनंदच होईल."

आता, मी म्हणत होतो ती संस्था मुंबईची, टीव्हीवाल्यांना पुरस्कार देणारी. पण आमच्या वाडीत संस्था एकच, ती म्हणजे दूध संस्था. तिची निवडणूक नुकतीच लागली होती. आबांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे आप्पा, मी चड्डीत होतो तेव्हापासून तिचे चेअरमन. या खेपेला कुणी उभंच राहणार नाही, आपण बिनविरोध येणार, अशी त्यांची खात्री होती. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. (आठवड्याला सहा भाग लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात काय चाललंय तेही माहीत नसतं. हवं तर माझ्या बायकोला विचारा.)

इथपर्यंतही निभावलं असतं. पण त्या पुरस्काराचा निम्मा निकाल प्रेक्षकांच्या मतांवर होता. मी भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, चांगला घसा खाकरून, आवाजी निरोप टाकला: "माझ्या माणसांनो, लवकरच मतदान सुरू होतंय. समोरचे ज्येष्ठ आहेत, मला आदरच आहे. पण वर्षानुवर्षं त्यांनीच किती दिवस मिरवायचं? आता नव्या माणसाला संधी द्या!"

समोरचे ज्येष्ठ म्हणजे एक बुजुर्ग लेखक. दरवर्षी तेच जिंकतात. ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला नाही, कुणी फूल टाकलं नाही. आप्पा मात्र त्याच मिनिटाला ग्रुप सोडून गेले. मला वाटलं, बोट चुकून लागलं असेल.

मग फोन सुरू झाले. ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांचे!

"दत्ताभाऊ, तुमच्यामागं आख्खी खालची आळी हाय!"

"अरे वा! मालिका बघता का?"

"मालिका कशाला बघायची? तुमच्या शब्दावर हाय आमी. फकस्त भावाचा इचार करा दुधाच्या."

भाऊ कोण, हे मी विचारलंच नाही. चाहत्यांना फार खोलात विचारू नये, अशी आमच्या धंद्यात पद्धत आहे.

इकडं आप्पांनी तालुक्याला माणूस पाठवून चौकशी केली. तो परत येऊन म्हणाला, "दत्ताचा अर्जच न्हाई तिथं." कुणाचंही समाधान व्हावं, पण आप्पांचं नाही! ते म्हणाले, "म्हंजी शेवटच्या दिशी भरणार. टीव्हीवाला हाय त्यो, आखरीला काढतो कायतरी!"

मग ते डेअरीवर आबांना म्हणाले, "दादा, पोराला आवर." आबा म्हणाले, "माझ्या पोरानं काय चोरी केली?" आणि भरलेली कॅन उचलून घरी आले. त्या दिवसापासून आमच्या म्हशींचं दूध डेअरीला बंद.

दोन-चार दिवसांनी मी आईला फोन केला. आई म्हणाली, "तुझ्या नॉमिनेशनपायी घरात रोज बासुंदी चाललीया!"

मी धावतच आत गेलो. बायकोला म्हणालो, "शुभांगी, बघ! आईबाप ते आईबाप. रोज बासुंदी करतायत."

शुभांगी यवतची. तिच्या माहेरी तीन पिढ्या सरपंचकी आहे, त्यामुळं तिला वास लवकर लागतो. ती म्हणाली, "अहो, आनंदाची बासुंदी एकदा होते. रोज होते ती दुसरीच कसली तरी."

तेवढ्यात आबांचाच फोन. "रविवारी ये. देवळापुढं माणसं गोळा करतोय आप्पा."

मी फोन ठेवला आणि सत्काराला कोणतं जाकीट घालावं याचा विचार करू लागलो.

रविवारी सोनेरी बुट्ट्यांचं जाकीट घालून मी देवळापुढं उतरलो. माणसं खरंच गोळा झाली होती, पण दोन बाजूंना. एकीकडं आबा, दुसरीकडं आप्पा, आणि मधल्या मोकळ्या जागेत मी. हार दिसेना. नारळ मात्र आप्पांच्या हातात होता, तोही फेकून मारायच्या बेतानं धरल्यासारखा.

"या उमेदवार!" आप्पा म्हणाले. "चुलत्याच्या इरोधात उभं राहताना लाज न्हाई वाटली?"

"कुठं उभा राहिलो?"

"नॉमिनेशन हाय का न्हाई तुझं?"

"आहे, पण ते..."

"ऐका! सोताच्या तोंडानं बोलला!"

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी घाईघाईनं सांगू लागलो, "आप्पा, ते टीव्हीचं आहे! लेखकांना पुरस्कार देतात त्याचं!"

"लेखकांचं हाय तर मतं आमची कशाला मागितली?" असं म्हणून आप्पांनी खूण केली. त्यांचा मुलगा संतोष, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्यानं देवळाच्या लाउडस्पीकरवर माझाच निरोप लावला. 'वर्षानुवर्षं त्यांनीच किती दिवस मिरवायचं?' हे वाक्य पार पलीकडच्या वस्तीपर्यंत गेलं. संवादफेक उत्तम होती, हे मलाही मान्य करावं लागलं.

"ते दुसऱ्या ज्येष्ठांबद्दल होतं!"

"वाडीत दुसरा ज्येष्ठ कोण हाय? दाव!"

आता आबा पुढं झाले. "टीव्हीचं असू दे न्हाईतर दुधाचं. माझ्या पोराला मिळालंय ना? मग माघार घ्यायची न्हाई!"

"दादा, घ्यावी लागंल!"

"न्हाई घेणार!"

"मग माझ्या दारात पाऊल ठिवू नको!"

"तू बी माझ्या बांधावर येऊ नको!"

साठी ओलांडलेले दोघे भाऊ छातीला छाती लावून उभे राहिले. ज्या माणसानं आजवर 'पुण्यात असतो' यापलीकडं माझ्याबद्दल शब्द काढला नव्हता, तो माझ्यासाठी सख्ख्या भावाशी संबंध तोडायला निघाला होता. मला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. आई मागून हळूच म्हणाली, "दत्ता, घे बाबा माघार. वाडीसमोर म्हनून टाक. तुझं काय जातंय?"

खरंच, माझं काय जात होतं? नुसतं "घेतो" म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण समोर एवढा श्रोतृवर्ग, हातात देवळाचा माईक, अंगात जाकीट! लेखकाला आवरेना.

"माझ्या माणसांनो!" मी गरजलो. "ज्या स्पर्धेपायी भाऊ भावाचा वैरी होतो, तिचं नामांकन मला विषासमान आहे! मला खुर्ची नको, मान नको, टाळ्या नकोत! आज, या क्षणी, देवीच्या साक्षीनं मी माझं नामांकन मागं घेतो!"

आप्पांनी नारळ पुढं केला. मी तो पायरीवर आपटला. टाळ्या, शिट्ट्या! आप्पा रडले, आबा रडले, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. संध्याकाळी दूध डेअरीला गेलं आणि यथावकाश आप्पा बिनविरोध चेअरमन झाले.

संतोषनं या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. त्यानं तो हौसेनं मागं सनई लावून टाकला. दोन दिवसांत तो महाराष्ट्रभर फिरला, आणि मुंबईहून पुरस्कारवाल्या बाईंचा फोन आला.

"सर, तुमच्या भूमिकेचा आम्हाला आदर आहे. यादीतून तुमचं नाव काढलंय."

"अहो मॅडम, नाही! ते दुधाचं होतं!"

"दुधाचं?" बाई भारावल्या. "किती सुंदर रूपक आहे, सर!" आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा लावला तर तो उचलला जाईना. पेपरात आलं, 'पुरस्कारांच्या स्पर्धेला लेखकाची चपराक.' निर्माता आठवडाभर बोलला नाही. सोहळा मी घरी, जाकीट घालूनच, टीव्हीवर बघितला. बुजुर्ग लेखकच जिंकले. पुरस्काराची बाहुली छातीशी धरून ते म्हणाले, "हा क्षण मी त्या निःस्पृह तरुण मित्राला अर्पण करतो." सभागृह उभं राहिलं. मी बसून होतो.

"क्षण अर्पण केला," शुभांगी म्हणाली. "बाहुली नाही केली."

त्यानंतर बरेच दिवस मी फोन घ्यायचंच सोडलं होतं. मग एकदा दौंडहून एका वाचनालयाच्या अध्यक्षांचा आला. फार चाचरत बोलत होते बिचारे.

"सर, आम्ही यंदापासून 'निःस्पृह लेखक पुरस्कार' सुरू करतोय. पहिला तुम्हालाच द्यावा असं सर्वांचं मत पडलं. पण तुमची तत्त्वं आम्हाला माहीत आहेत. तुमच्यासारखा माणूस पुरस्कार घेईल का, अशी शंका..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी विचारलं, "गाडी पाठवताय, का मीच येऊ?"